खुज्या नाकतोड्यांसाठी घेतलेलं दहापट भिंग

ओल्या चिखलावर बसलेला खुजा नाकतोडा जेमतेम १ सेंटिमीटरचा असतो. त्याची जात ठरते ती डोक्याचा माथा आणि प्रोनोटम, म्हणजे मानेपासून पोटाच्या टोकापर्यंत गेलेलं पाठीवरचं कवच, बारकाईने पाहून. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

माझ्या पहिल्या भिंगावर ‘३० पट’ असं कोरलेलं होतं. महिनाभराने शंका आली. २५०ला पटीने भागलं की नाभीय अंतर, म्हणजे किडा भिंगापासून किती दूर धरला की स्पष्ट दिसतो ते, मिलिमीटरमध्ये मिळतं, म्हणजे ३० पटीला ते साधारण ८ हवं. माझं भिंग २५वर स्पष्ट दाखवत होतं. दहापटच होतं ते, शिवाय कडेला निळी-पिवळी झालर. विकणाऱ्याने फसवलं याचा राग अजून गेलेला नाही.

मग तीन काचांचं, २१ मिमी व्यासाचं दहापट भिंग घेतलं. दोन डोळ्यांमधला माथा एका डोळ्यापेक्षा रुंद आहे की अरुंद, मिशा डोळ्यांच्या नेमक्या कुठे फुटतात, प्रोनोटमची मधली धार सपाट की कमानदार, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. पुढच्या चारही पावलांची दोन-दोन पेरं आणि मागच्या पावलांची तीन-तीन मोजता आली तेव्हा फार आनंद झाला. अर्थात ती खूण कुळाची, जातीची नव्हे.

रंगावर मात्र जाऊ नका. राखाडी, तपकिरी, पाठीवर पांढरा पट्टा असलेले, असे तीन नाकतोडे मी तीन जाती म्हणून वहीत लिहिले होते. भिंगाखाली तिघांचा माथा सारखा, धार सारखी. प्रोनोटमची लांबीही फसवते, कारण एकाच जातीत लांब आणि आखूड दोन्ही सापडतात.

भिंग डोळ्याला टेकवायचं आणि किडा जवळ आणायचा. उडी मारतो म्हणून मी चपट्या पारदर्शक डबीत ठेवते. गोल नळीत आकार वाकडे दिसतात. वीसपट भिंगही वापरून पाहिलं, पण किडा सव्वा सेंटिमीटरवर आणावा लागतो आणि आपल्याच डोक्याची सावली त्याच्यावर पडते.

तक्रार एकच, दांडीचा स्क्रू सारखा ढिला होतो.

पिल्लांच्या बाबतीत या भिंगाचा भरवसा मी धरत नाही. वहीत कुळाचं नाव लिहून त्यांना होती तिथेच सोडते.