कुकर, ओटीजी की कन्व्हेक्शन? खानदेशातल्या स्वयंपाकघरासाठी एक तुलना

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली, तेव्हा भुसावळच्या आमच्या घरात गॅसची शेगडी सोडली तर भाजण्याचे एकही वेगळे साधन नव्हते. पाव, खारी, टोस्ट बेकरीतून आणायचे, केक वाढदिवसाला सांगून ठेवायचा, आणि नानकटाई करायची तर दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून भट्टीवर न्यायची, अशी पद्धत वर्षानुवर्षे चालत आली होती. टाळेबंदीत हे सगळे एकदम थांबले आणि आम्ही घरीच शिकू लागलो. प्रथम कुकरमध्ये, मग वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये, म्हणजे गरम हवेने भाजणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये, आणि पुढे स्वतः घेतलेल्या ओटीजीमध्ये, म्हणजे सळ्यांनी तापणाऱ्या विजेच्या ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये. ती सवय आजही टिकून आहे, आणि ओव्हन घ्यावा का, घेतला तर कोणता घ्यावा, हे ओळखीच्या बायका अजूनही विचारतात. माझे मत आधीच सांगते: घरात फक्त केकच होणार असेल तर ओव्हनची गरज नाही, आणि पाव करायचा असेल तर ओटीजीला पर्याय नाही. असे का म्हणते, ते पुढे सविस्तर लिहिले आहे.

कुकरपासून सुरुवात करते, कारण टाळेबंदीतला बहुतेकांचा पहिला केक, आणि तोही बिस्किटांचा चुरा, दूध आणि ईनो घालून केलेला, कुकरमध्येच झाला. झाकणाचे रबर आणि शिट्टी काढून टाकायची, तळाशी दोन वाट्या जाड मीठ पसरायचे, त्यावर जाळी किंवा उपडी वाटी ठेवायची, मध्यम आचेवर दहा मिनिटे कुकर तापवायचा आणि मग केकचे भांडे आत ठेवून मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजायचे, एवढीच त्याची कृती आहे. मीठ उष्णता धरून ठेवते आणि ती हळूहळू सगळीकडे पसरवते, त्यामुळे भांड्याचा तळ एकदम करपत नाही. तेच मीठ थंड झाल्यावर बरणीत भरून पुन्हा पुन्हा वापरता येते, मात्र स्वयंपाकात घालू नये. एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती प्रत्येकीला सांगावीशी वाटते. कुकर हे पाण्याच्या वाफेसाठी केलेले भांडे आहे. कोरडे तापवत राहिल्याने ते खराब होते आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्हही उष्णतेने बिघडू शकतो. असा बिघडलेला कुकर पुन्हा वरण-भातासाठी लावणे धोक्याचे आहे. म्हणून केकसाठी जुना, बाद केलेला कुकर ठेवावा, किंवा त्याहूनही चांगले म्हणजे जाड बुडाचे पातेले अथवा लोखंडी कढई घेऊन त्यावर घट्ट झाकण ठेवावे. गुण तोच येतो आणि चांगला कुकर वाचतो.

या पद्धतीचा केक ओलसर आणि मऊ होतो, कारण भांड्यातली वाफ फारशी बाहेर जात नाही. त्याच कारणाने त्याचा वरचा भाग फिकट राहतो. पिठाच्या पृष्ठभागावर तांबूस रंग आणि खमंग वास येण्यासाठी तो भाग कोरडा होऊन साधारण १४० अंशांच्या वर तापावा लागतो. कुकरमध्ये सगळी आच खालून येते आणि वर दमट हवा असते, त्यामुळे तेथे ते घडत नाही. केकच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. आमच्याकडे रावेरहून आलेला केळीचा घड त्या एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत काळा पडला, तेव्हा आम्ही कणीक, गूळ, दही आणि कुस्करलेली केळी घालून जो केक केला, तो कढईतच केला होता, आणि नंतर ओटीजीमध्ये केलेला तसाच केक मला त्याहून सरस वाटला नाही. फक्त सोडा घातल्यावर मिश्रण थांबवू नये. दह्यातला आंबटपणा लागताच सोड्याचे बुडबुडे सुटू लागतात, आणि भांडे आधी तापलेले नसेल तर ते बुडबुडे केक उभा राहण्याआधीच निघून जातात. घरोघरी बसलेल्या केकांमागे मला बहुतेक वेळा हेच कारण दिसले. बेकिंग पावडर असेल तर थोडी सवड मिळते, कारण तिच्यातल्या वायूचा काही भाग उष्णता लागल्यावरच सुटतो.

पावाची गोष्ट मात्र वेगळी आहे. कुकरमध्ये पाव फुगतो, आतून शिजतोही, पण वरून पांढरा आणि चिवट राहतो; तो उलटून तव्यावर तूप सोडून भाजला तर खाण्याजोगा होतो, तरी त्याला बेकरीच्या पावाची सर येत नाही. पावाला सुरुवातीलाच जोराची आच सर्व बाजूंनी लागते, म्हणजे यीस्टने तयार केलेला वायू झपाट्याने पसरतो, पाव उंच होतो आणि मग वरची कड पक्की होते. ओटीजीमध्ये वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना सळ्या असतात, त्यामुळे हे काम तेथे नीट होते. पहिली पंधरा मिनिटे तो २०० अंशांवर तापवून घ्यावा. लहान पाव त्याच तापमानावर साधारण वीस मिनिटांत होतात आणि मोठी लादी किंवा ब्रेड असेल तर पहिल्या दहा मिनिटांनंतर आच १८० वर आणून आणखी वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. सोबत एका वाटीत पाणी ठेवले तर वरची कड लवकर कडक होत नाही आणि पाव चांगला फुलतो.

आपल्याकडच्या हवेचा विचार येथे करावाच लागतो, कारण पावाच्या बहुतेक कृती थंड गावांतल्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या असतात. पीठ दीड तास झाकून ठेवा, असे त्यांत सांगितलेले असते. मे महिन्यात भुसावळ किंवा जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी मळलेले पीठ अर्ध्या तासात दुप्पट होते आणि तासाभरात खाली बसून आंबूस वास मारू लागते. अर्धा किलो मैद्याला सात ग्रॅम कोरडे यीस्ट हे नेहमीचे प्रमाण. उन्हाळ्यात मी ते निम्मे करते, माठातल्या गार पाण्याने पीठ मळते, आणि शक्य झाल्यास रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवून पहाटे भाजते. यामुळे चवही खुलते आणि भर दुपारी ओव्हनजवळ उभे राहण्याची वेळ येत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत याच्या उलट करावे लागते, आणि त्याच पिठाला दोन तास लागतात. पूर्ण कणकेचा पाव करू पाहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की कोंडा पिठाची ताण धरण्याची शक्ती कमी करतो, त्यामुळे नुसत्या कणकेचा पाव जड होतो. निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेऊन पाणी किंचित वाढवले तर बरा समतोल साधतो.

ओटीजी घेताना मापाची चूक फार जणी करतात. दहा-सोळा लिटरचा लहान ओव्हन स्वस्त पडतो, पण त्यात वरची सळी पावाच्या डोक्याला जवळजवळ टेकते, आणि आतला भाग कच्चा असतानाच वरचा काळा होतो. २५ ते ३० लिटरचा घ्यावा. वरची व खालची सळी वेगवेगळी चालू करता येते की नाही, हे दुकानातच पाहावे. बटणावरचे अंश आणि आतले खरे तापमान यांत पुष्कळदा दहा-वीस अंशांचा फरक असतो. आत ठेवण्याचा लहानसा थर्मामीटर घेतला की पहिल्या महिन्यातली निराशा टळते. विजेचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. १५०० वॅटचा ओव्हन तासभर सलग चालला तर दीड युनिट जळेल, आणि तापमान गाठल्यावर सळ्या मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी जळते. खरी अडचण वीज जाण्याची आहे. घरगुती इन्व्हर्टरवर हे यंत्र सहसा चालत नाही, आणि केक अर्धा झालेला असताना वीज गेली तर तो मध्यभागी बसतो व पुन्हा उठत नाही. ज्या गावांत भारनियमन ठरलेल्या वेळी होते तेथे वेळ पाहून ओव्हन लावता येतो. ज्यांच्याकडे ते केव्हाही होते, त्यांनी केकसाठी गॅसवरचीच पद्धत ठेवावी, असे मी स्पष्टपणे सांगेन.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हबद्दल थोडक्यात लिहिते. त्याची किंमत ओटीजीच्या साधारण दुप्पट असते आणि ती किंमत मुख्यतः मायक्रोवेव्हच्या सोयीची असते: दूध गरम करणे, उरलेला भात वाफवणे, पापड भाजणे. नुसत्या मायक्रोवेव्ह लहरींनी अन्नातले पाणी तापते, तांबूसपणा येत नाही, म्हणून भाजण्यासाठी कन्व्हेक्शनचेच बटण लागते आणि तेव्हा पंख्याने गरम हवा फिरते. बिस्किटे आणि केक त्यात एकसारखे भाजले जातात; तापमान मात्र कृतीत दिलेल्यापेक्षा दहा-वीस अंश कमी ठेवावे. पण फिरत्या काचेवर लांबट ब्रेडचा डबा अडतो, आणि अनेक यंत्रांत तापमान २००-२२० च्या वर जात नाही. शेजारणीच्या यंत्रात आम्ही चार-पाच वेळा पाव केले. ते चांगले होते, तरी खालची बाजू दर वेळी मऊच राहिली. ज्यांना रोज अन्न गरम करायचे आहे आणि महिन्यातून एखादा केक करायचा आहे, त्यांनी हे घ्यावे. धातूचे भांडे मायक्रोवेव्हच्या बटणावर कधीही ठेवू नये, एवढे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

आता आपल्या बट्टीबद्दल. ती नसेल तर खानदेशातल्या घरासाठी ही तुलना अपुरी राहील. गव्हाच्या जाडसर पिठात थोडे मक्याचे पीठ, ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळलेली बट्टी आपल्याकडे वाफवून, कापून तळतात, आणि शेतात गवऱ्यांच्या विस्तवात भाजलेलीही खातात. टाळेबंदीत शेतावर जाणे थांबले, म्हणून मी वाफवलेल्या बट्ट्यांना तूप लावून ओटीजीमध्ये १९० अंशांवर अर्धा तास ठेवले. वरून खुसखुशीत आणि आतून मोकळ्या अशा त्या बट्ट्या निघाल्या, आणि तळलेल्यांपेक्षा त्यांना तूप फार कमी लागले. विस्तवाचा धुरकट वास त्यांना अर्थातच नव्हता, पण वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर घरातल्या वडीलधाऱ्यांनीही त्या आवडीने खाल्ल्या, आणि ओव्हन घेतल्याचे समाधान मला पावापेक्षाही त्या दिवशी जास्त झाले. कुकरमध्ये हाच प्रयत्न फसला, कारण बट्टीला कोरडी आच हवी असते. उलट, खापरावरच्या पुरणपोळीला यांतले कोणतेही साधन उपयोगी नाही. त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला आली, लेकी माहेरी येऊ शकल्या नाहीत, आणि आम्ही मोठा तवा उलटा टाकून मांडे, म्हणजे याच पुरणपोळ्या, करून पाहिले. हातावर पसरवलेली ती मोठी पोळी उपड्या खापराच्या गोलाईवरच नीट भाजते, आणि त्याला चूलच लागते.

नानकटाईसाठी ओव्हन घ्यावा का, हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर हमखास येतो. एक वाटी घट्ट तूप, एक वाटी पिठीसाखर आणि दोन वाट्या मैदा-बेसन या प्रमाणाची नानकटाई ओटीजीमध्ये १६० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटांत उत्तम होते. पण ३० लिटरच्या ओव्हनमध्ये एका वेळी जेमतेम सोळा-अठरा बसतात. दोन किलोंचा माल असेल तर दिवस जातो, आणि शेवटच्या घाण्यांपर्यंत गरम स्वयंपाकघरात कच्च्या नानकटाईतले तूप सैल होऊन ती पसरू लागते. भट्टीवर तेच काम दोन-तीन पत्र्यांत उरकते, कारण विटांत साठलेली उष्णता दार उघडले तरी फारशी उतरत नाही. आपले तूप आणि आपला मैदा आपल्या डोळ्यांसमोर वापरला जातो, हाही भट्टीचा मोठा गुण आहे. तेव्हा फराळापुरती नानकटाई करणाऱ्यांनी भट्टी सोडू नये, आणि पंधरा दिवसांनी ताजी वाटीभर खाणाऱ्यांनी घरी करावी.

निर्णय घेण्यापूर्वी महिनाभर एक वही ठेवून आपण काय भाजले किंवा भाजावेसे वाटले ते लिहावे. त्यात पाव, बट्टी, टोस्ट, पिझ्झा ही नावे आठवड्यातून एकदा तरी आली, तर २५ लिटरच्या वरचा ओटीजी घ्यावा आणि त्याआधी स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा प्लग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. साध्या लहान प्लगवर एक्स्टेन्शन लावून ओव्हन चालवू नये. वहीत केकच दिसला, तर जाड पातेले, एक चांगला गोल डबा आणि वजनकाटा एवढी खरेदी पुरेशी आहे. वाट्या घरोघरी वेगळ्या असतात, पण १०० ग्रॅम मैदा सगळीकडे १०० ग्रॅमच असतो, आणि माझे केक एकसारखे होऊ लागले ते ओव्हन येण्याच्या आधी, काटा आला तेव्हापासून.