पदवीआधीची पहिली भाषा: पायथॉन की सी?

कॉम्प्युटर सायन्सची पदवी सुरू व्हायला साधारण आठ आठवडे आहेत, रोज तास-दीड तास काढता येतो आणि आजवर एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही. अशा विद्यार्थ्याने कोणती भाषा हाती घ्यावी, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे. नोकरीसाठी कोणती चांगली, हा वाद बाजूला ठेवू. पदवी संपेपर्यंत तुम्ही चार-पाच भाषा वापरणारच आहात. पहिल्या भाषेकडून हवं ते वेगळंच: लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणं), फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा), ॲरे (ओळीने लावलेली किमतींची घरं), रिकर्जन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) या गोष्टी डोक्यात पक्क्या बसवणं.

घरी एकट्याने शिकणाऱ्यासाठी आम्ही एक निकष बाकी सगळ्यांच्या वर ठेवतो. चूक झाली की ती भाषा काय करते? वर्गात चूक दाखवायला कुणीतरी असतं. घरी ते काम एरर मेसेजलाच करावं लागतं.

चूक झाल्यावर

दहा घरांची ॲरे आहे आणि तुम्ही अकरावं घर वाचायला गेलात. पायथॉन तिथल्या तिथे थांबते. फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि ‘इंडेक्सएरर’ असं चुकीचं नाव समोर येतं. सी थांबत नाही. मेमरीत त्या जागी जे पडलेलं असेल ते उचलून देते आणि पुढे जाते. वाचण्याऐवजी तिथे लिहिलंत तर शेजारच्या एखाद्या व्हेरिएबलची (किंमत ठेवायच्या नाव दिलेल्या जागेची) किंमत बदलते आणि परिणाम दिसतो चाळीस ओळी पुढे, जिथे चूक नाहीच. नवशिक्या मग बरोबर असलेला कोड दुरुस्त करत बसतो. काल चाललेला प्रोग्रॅम आज मध्ये एक प्रिंट टाकल्यावर कोसळतो, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असतं.

पहिल्या पंधरा दिवसांत सीमध्ये आणखी तीन ठिकाणी हमखास अडायला होतं. स्कॅनएफमध्ये (कीबोर्डवरून वाचणारं सीचं फंक्शन) व्हेरिएबलच्या नावाआधीचं & विसरलं, की प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढंच सांगून मरतो; ओळ क्रमांक मिळत नाही. आधी एक संख्या वाचून मग एक अक्षर वाचायला गेलात, तर अक्षर न विचारताच प्रोग्रॅम पुढे पळतो. संख्येनंतर दाबलेलं एंटर इनपुटमध्ये शिल्लक असतं आणि तेच अक्षर म्हणून वाचलं जातं. त्यावर उपाय म्हणजे अवतरणचिन्हात टक्का-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडायची. तिसरी चूक ‘इफ’च्या कंसात: दोन = ऐवजी एकच टाइप झालं, की तुलना होत नाही, किंमतच बदलते. पायथॉन अशी ओळ चालवायलाच नकार देते.

पण पायथॉनही काही चुका गुपचूप गिळते. ‘इनपुट’ने घेतलेली प्रत्येक गोष्ट मजकूर असते, त्यामुळे ५ आणि ७ ची बेरीज ५७ येते, आधी ‘इंट’मध्ये बदलून घ्यावं लागतं. किंमत देताना व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं तर नवंच व्हेरिएबल तयार होतं आणि जुन्याची किंमत आहे तशीच राहते. सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक आहे ती तीन बाय तीनच्या तक्त्याची. तीन शून्यांची यादी आणखी एका यादीत ठेवून त्या बाहेरच्या यादीला तीनने गुणलं की तक्ता तयार झाल्यासारखा दिसतो. पहिल्या ओळीत १ लिहा, तिन्ही ओळींत १ दिसेल, कारण त्या तीन ओळी नाहीतच. एकाच यादीला तीनदा बोट दाखवलेलं आहे. प्रत्येक ओळ लूपमध्ये वेगळी तयार केली की प्रश्न सुटतो.

तरीही या निकषावर पायथॉन बरीच पुढे आहे. सी बोलकी करायचा मार्ग मात्र आहे आणि तो पहिल्या दिवशीच माहीत हवा. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरने कंपाइल करताना (कोड मशीनच्या भाषेत बदलताना) ‘डॅश डब्ल्यू-ऑल’ (-Wall), ‘डॅश डब्ल्यू-एक्स्ट्रा’ (-Wextra) आणि ‘डॅश जी’ (-g) हे तीन पर्याय कायम लावा. त्यांच्या जोडीला प्रोग्रॅम चालताना चुका पकडणाऱ्या ‘डॅश एफ-सॅनिटाइझ’ला ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड या दोन किमती द्या (-fsanitize=address,undefined). विसरलेलं & आणि ‘इफ’मधलं एकटं = यांची सूचना मग कंपाइल होतानाच मिळते आणि ॲरेबाहेर पाऊल पडलं की प्रोग्रॅम ओळ क्रमांकासह थांबतो. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यू कंपायलरमध्ये ही सॅनिटाइझरची सोय सहसा नसते. तिथे डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घालून त्यात लिनक्सचं जीसीसी वापरावं. हे पर्याय न लावता एकट्याने सी शिकणं म्हणजे विनाकारण हाल आहेत.

संख्या, अक्षरं आणि मेमरी

इथे पारडं सीकडे झुकतं, कारण यंत्र आतून कसं आहे ते सी लपवत नाही.

दोन्ही भाषांत फॅक्टोरियलचा (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम लिहून पाहा. १२ पर्यंत उत्तरं सारखी येतात: ४७,९०,०१,६००. १३ ला पायथॉन ६,२२,७०,२०,८०० हे बरोबर उत्तर देते. सीमध्ये साधा ‘इंट’ वापरला असेल तर बहुतेक मशीनवर १,९३,२०,५३,५०४ दिसतं. तो इंट ३२ बिटांचा असतो, त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. भाषेच्या नियमांप्रमाणे अशा वेळी काय व्हावं हे ठरलेलंच नाही, म्हणून या चुकीच्या उत्तरावरही विसंबता येत नाही. पायथॉनमधली संख्या लागेल तितकी मोठी होते. सोयीचं आहे, पण मशीनमधली संख्या ठरावीक आकाराच्या खोक्यात बसते ही गोष्ट पायथॉनमुळे कधीच जाणवत नाही.

भागाकारात एका भाषेतून दुसरीत जाणारे हटकून फसतात. ५ भागिले २ पायथॉनमध्ये २.५ आणि सीमध्ये २. ऋण ७ ला ३ ने भागल्यावर % चिन्हाने मिळणारी बाकी पायथॉनमध्ये २ आणि सीमध्ये ऋण १. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत, म्हणूनच एरर कुठलीच येत नाही.

अक्षरांचा प्रयोग तर मराठी वाचणाऱ्याने करावाच असा आहे. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. पायथॉनचं लांबी मोजणारं ‘लेन’ ५ सांगतं, कारण ते म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच घटक मोजतं. सीचं ‘स्ट्रलेन’ १५ सांगतं, कारण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये यातल्या प्रत्येक घटकाला ३ बाइट लागतात आणि सी बाइट मोजते. साठवायला १६ बाइट हवेत, शेवटचा शून्याचा, मजकूर इथे संपला हे सांगणारा. ती एक जागा विसरणं ही सीमधली फार जुनी चूक आहे. ‘मजकूर म्हणजे नेमकं काय’ हे या एका शब्दात जेवढं कळतं, तेवढं इंग्रजी उदाहरणांत कळत नाही, कारण तिथे साध्या शब्दांना तिन्ही आकडे सारखेच येतात.

मेमरीचं तेच. सीमध्ये हजार इंटची ॲरे म्हणजे ४,००० बाइट, एकाला एक लागून. पायथॉनच्या यादीत संख्या नसतातच, संख्यांचे पत्ते असतात. ६४ बिटांच्या मशीनवर प्रत्येक पत्ता ८ बाइटांचा आणि नेहमीच्या पायथॉनमध्ये छोट्यातली छोटी संख्याही पत्त्याच्या पलीकडे २८ बाइट अडवून बसते. वर तीन बाय तीनच्या तक्त्यात जे फसलं, त्याचं मूळ या पत्त्यांतच आहे. सीमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारं व्हेरिएबल) शिकलेल्याला ते लगेच उमगतं, बाकीच्यांना ते पाठ करावं लागतं.

वेग

नुसत्या आकडेमोडीच्या लूपमध्ये सी पायथॉनपेक्षा कित्येक पट वेगवान असते. पहिल्या वर्षाच्या सरावात हा फरक क्वचितच आड येतो. लक्ष द्यायला हवं ते दुसरीकडे. पायथॉनची एक छोटी ओळ किती काम करते, ते दिसत नाही. यादीत एखादं नाव आहे का, हे ‘इन’ लिहून एका ओळीत विचारता येतं, पण आत यादी पहिल्यापासून तपासली जाते. १ लाख नावांच्या यादीत १ लाख नावं शोधलीत तर सरासरीने ५०० कोटी तुलना होतात. तीच नावं ‘सेट’मध्ये (झटपट शोधता येणारा पायथॉनचा संच) ठेवली तर काम लगेच संपतं. सीमध्ये शोधण्याचं लूप स्वतः लिहावं लागतं, त्यामुळे ही किंमत डोळ्यांसमोर असते. पायथॉन निवडलीत तर शोधणं, सॉर्ट करणं, सर्वांत मोठी संख्या काढणं हे तयार फंक्शन न वापरता एकेकदा तरी स्वतः लिहा.

पहिला दिवस

इन्स्टॉल करणं पायथॉनमध्ये सोपं. विंडोजवर इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर पायथॉन ‘पाथ’मध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) घालण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करायची राहिली की कमांड प्रॉम्प्टला पायथॉन सापडत नाही. आपल्या फाइलला ‘रँडम’ किंवा ‘मॅथ’ अशी लायब्ररीची नावं देऊ नका, नाहीतर इम्पोर्ट करताना खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलली जाण्याचा घोळ होतो. इंडेंटसाठी चार स्पेस ठरवा, टॅब मिसळू नका. सीसाठी कंपायलर, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आणि फोल्डर बदलण्याच्या कमांड यांत पहिले दोन-तीन दिवस जातात. ते दिवस फुकट जात नाहीत, टर्मिनल पुढे लागतंच.

जावाबद्दलही विचारलं जातं. पहिल्याच सेमिस्टरला जावा असेल तरच ती आधी घ्यावी. एक ओळ छापायला क्लास, पब्लिक, स्टॅटिक असे बरेच शब्द अर्थ न कळता लिहावे लागतात, ही आमची मुख्य हरकत. शिकलातच तर दोन स्ट्रिंगची तुलना == ने करू नका, ‘इक्वल्स’ने करा; == फक्त दोन्ही एकच वस्तू आहे का ते पाहतं.

कुणी काय निवडावं

आधी पहिल्या सेमिस्टरचा सिलॅबस मिळवा. त्यात पायथॉन असेल तर आठही आठवडे पायथॉनला द्या. सी असेल आणि तुम्ही अगदी नवखे असाल, तरीही आम्ही पाच आठवडे पायथॉन आणि शेवटचे तीन आठवडे सी असंच सांगू. लूप कसं विचार करून लिहायचं आणि पॉइंटर म्हणजे काय, ही दोन ओझी एकदम उचलायला लागली की बरेच जण दोन्ही टाकून देतात. शाळेत थोडंफार प्रोग्रॅमिंग झालेलं असेल, लूप आणि फंक्शन न अडखळता लिहिता येत असतील, तर पायथॉनवर थांबू नका, थेट सी घ्या.

पाच आठवड्यांत पायथॉनमध्ये एवढं व्हावं: संख्येचे अंक उलटे करणं, १,००० पर्यंतच्या मूळ संख्या, फाइलमधले शब्द मोजणं, बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी अर्धा भाग वगळत शोधणं), आणि फुली-गोळ्याचा खेळ. प्रत्येक प्रोग्रॅम रन करण्याआधी कागदावर ड्राय रन करा: व्हेरिएबलच्या नावांचे रकाने, लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ. कागदावरचं उत्तर आणि पडद्यावरचं उत्तर जिथे वेगळं पडतं, तिथेच तुमची समजूत चुकलेली असते. तयार कोड चिकटवला, मग तो कुठूनही आणलेला असो, तर ही जागा सापडत नाही.

सीच्या तीन आठवड्यांत पहिले चार प्रोग्रॅम सीमध्ये पुन्हा लिहा, फुली-गोळा सोडा. शेवटच्या आठवड्यात एक लिंक्ड लिस्ट (नोडांची साखळी, प्रत्येक नोडमध्ये एक किंमत आणि पुढच्या नोडचा पत्ता) लिहा: नोड जोडणं, शोधणं, काढणं आणि शेवटी ‘फ्री’ने सगळी मोकळी करणं. मोकळी करताना पुढच्या नोडचा पत्ता आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये ठेवा, मग हातातला नोड फ्री करा. उलट केलंत तर मोकळ्या केलेल्या मेमरीतून पुढचा पत्ता वाचला जातो आणि सॅनिटाइझर तिथेच थांबवतो. लिनक्सवर प्रोग्रॅम संपताना सॅनिटाइझरच्या संदेशात ‘लीक’ हा शब्द आला तर एखादा नोड फ्री व्हायचा राहिला आहे. किती बाइट आणि कोणत्या ओळीवर घेतलेले, तेही त्याच संदेशात असतं.