बोर्ड डेड झालाय: दुरुस्ती, जुना बोर्ड की नवा संच?

कॉम्प्युटरचं बटण दाबलं तरी पंखा हलत नाही, दिवा लागत नाही. दुकानदार केबिनेट उघडून सांगतो, ‘बोर्ड गेला’, म्हणजे मदरबोर्ड. मग तीन वाटा उरतात: चिप लेव्हल दुरुस्ती (बोर्डावरचा बिघडलेला सुटा भाग बदलणं), त्याच सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) जुना बोर्ड, किंवा बोर्ड-प्रोसेसर-रॅम असा अख्खा नवा संच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तिन्ही मिळतात. पण बोर्डच गेलाय हे सिद्ध होईपर्यंत खिशात हात घालू नका.

मल्टिमीटर घ्या. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डावरून काढा आणि एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) मेनची वीज चालू ठेवून जांभळी वायर (९ नंबरची पिन) आणि काळी वायर यांच्यात मोजा. ५ व्होल्ट हवेत, म्हणजे ४.७५ ते ५.२५ च्या आत. नसतील तर बोर्डाला उगाच दोष देताय. असतील तर हिरवी वायर (१६ नंबर) क्लिपने एखाद्या काळ्या वायरला जोडा, एसएमपीएस सुरू व्हायला हवा. सुरू झाला म्हणजे धडधाकट आहे असं नाही, लोड आल्यावर बसणारे एसएमपीएस बरेच असतात. शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस लावून बघणं सगळ्यात खात्रीचं. केबिनेटचं बटणही खराब असू शकतं. त्याची वायर काढून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवा. मग बोर्ड केबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून, प्रोसेसर आणि एकच रॅम लावून पुन्हा तेच करा.

आता दुरुस्तीचं. कनेक्टर काढल्यावर ५ व्होल्ट येतात आणि बोर्डाला लावताच कोसळतात, तर बोर्डावर शॉर्ट आहे. सगळं बंद करून प्रोसेसरच्या ८ पिनांच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स जवळजवळ शून्य आला, तर बहुधा मॉस्फेट (प्रोसेसरला वीज पुरवणारा छोटा स्विच) उडालाय. असे दोष चांगला कारागीर काढतो. मात्र उडालेल्या मॉस्फेटमधून १२ व्होल्ट थेट प्रोसेसरपर्यंत गेलेले असू शकतात. दुरुस्तीचा भाव ठरवण्याआधी प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर तपासून घ्या, नाहीतर मेलेल्या प्रोसेसरसाठी बोर्ड जिवंत कराल. बोर्डावर हिरवट गंज चढला असेल (कोकणातल्या दमट हवेत हे नेहमीचं), तर मी दुरुस्तीला देणार नाही. ‘हीट देऊन चालू केलाय’ असं कोणी म्हटलं तर तो बोर्ड घरी न्यायच्या लायकीचा नाही. बोर्ड वॉरंटीत असेल तर कोणालाही सोल्डरिंग करू देऊ नका. हात लागलेला बोर्ड कंपनी परत घेत नाही.

जुना बोर्ड स्वस्त पडतो, पण सॉकेटच्या नावावर जाऊ नका. इंटेलचा एलजीए ११५१ सॉकेट सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरांत एकच दिसतो. तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर एच११० बोर्डवर चालत नाही, त्याला एच३१० किंवा तसा ३०० मालिकेतला चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) लागतो. विकत घेताना समोर चालू करून दाखवायला सांगा आणि प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिना भिंगातून बघा. ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपचा बोर्ड असेल तर ही वाट जवळजवळ बंदच. त्यांचे पॉवर कनेक्टर आणि स्क्रूच्या जागा बऱ्याचदा वेगळ्या असतात.

नव्या संचाचा निर्णय किमतीपेक्षा पिढीवर घ्यावा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली चालत नाही. चौथ्या पिढीचा बोर्ड मेला असेल आणि मशीन रोजच्या कामाचं असेल, तर दुरुस्तीचे पैसे नव्या संचात घालावेत असं माझं मत. फक्त टॅली चालवायची असेल, मशीन इंटरनेटला जोडायचं नसेल, तर जुना बोर्ड पुरे. एएम४ (एएमडीचा सॉकेट) वाल्यांचं बरं आहे. नुसता नवा बोर्ड घेतला तरी डीडीआर४ रॅम आणि प्रोसेसर तसेच राहतात, बायोसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती त्या प्रोसेसरला चालते का एवढं पाहावं.

बोर्ड बदलायचा असेल आणि बिटलॉकर (ड्राइव्हमधला डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर आधी त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या. ४८ अंकांची असते. नवा बोर्ड दिसताच विंडोज ती मागेल, आणि ती नसेल तर एसएसडी ठणठणीत असूनही त्यातलं काही हाती लागणार नाही.