पिकअपची ताकद वाढवून देतो म्हणाला आणि १,९७,९५० रुपयांना बुडवलं

हे लिहायला मला चार महिने लागले. लाज वाटत होती. घरात बायकोलासुद्धा खरा आकडा जूनमध्ये सांगितला. पण परवा आमच्याच भागातला एक पोरगा मला विचारत होता, "दादा, तुमच्या पिकअपला काम केलं होतं ना, नंबर द्या की त्यांचा." तेव्हा ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. नोव्हेंबर २०२२ मध्ये डिझेल पिकअप घेतली, ऑनरोड ९,१२,०००, हप्ता १७,८५०. सीझनला हापूसच्या पेट्या घेऊन आंबा घाट चढून कोल्हापूर, बाकी वर्षभर चिरा, खत, काय मिळेल ते. विचार असा होता की २०२६ मध्ये ही विकायची आणि मोठी गाडी घ्यायची. म्हणजे गाडीचा भाव टिकणं माझ्यासाठी पहिल्या दिवसापासून महत्त्वाचं होतं. हे आधीच सांगतो, कारण लोक मला म्हणतात, "हौस कशाला केलीस?" हौस नव्हती. २०२४ च्या दिवाळीनंतर गाडी भरलेली असली की घाटाच्या अलीकडच्या साखरपा गावाच्या पुढे चढत नव्हती, दुसऱ्या गिअरमध्ये रडत होती. आमचा जुना मेस्त्री म्हणाला, "ताकद हवी तर मोठी गाडी घे, हिला पिळू नको." मी ऐकलं नाही. आंब्याचे दिवस दोन महिन्यांवर आले होते.

मोबाइलवर एका गॅरेजवाल्याचे व्हिडिओ यायचे. घाटावरच्या एका शहरात गॅरेज. "७५ ची १०५ हॉर्सपॉवर, मायलेज वाढणार, विकताना मूळ स्थितीत करून देणार." फोनवर मी त्याला दोनदा स्पष्ट विचारलं, रिसेलचं काय? तो म्हणाला, इंजिनाच्या कॉम्प्युटरची मूळ फाइल माझ्याकडे सेव्ह राहते, मूळ सायलेन्सर तुम्हाला बांधून देतो, विकायच्या आधी या, अर्ध्या तासात कंपनीची गाडी होते. वर हेही, की असं काम केलेल्या पिकअपला घाटावर ५०,००० जास्त मिळतात. रेकॉर्डिंग केलं नाही. तुम्ही करा.

फेब्रुवारी २०२५. रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलणं, २२,०००, सायलेन्सरचा मोकळा पाइप ९,५००, एअर फिल्टर ३,५००. एकूण ३५,०००. १०,००० आगाऊ, २५,००० काम झाल्यावर, सगळं यूपीआयने. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावला तर सहा हजार वाढतील." त्याने हाताने लिहिलेला एक कागद दिला, त्यावर 'परफॉर्मन्स वर्क' एवढंच. बिल नसेल तर तिथूनच मागे फिरा, बाकी काही ऐकू नका.

आता ती वेळ, जी आठवली की अजून रात्री झोप लागत नाही.

काम झालं. मी गाडीत बसलो, चावी फिरवली. मीटरमध्ये सगळे दिवे लागले आणि विझले. ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाच नाही. तुमच्यापैकी जो गाडी चालवतो त्याला माहीत आहे, चावी ऑन केली की तो दिवा क्षणभर पेटतोच पेटतो, तो जिवंत आहे हे दाखवायला. सव्वादोन वर्षं रोज पहाटे पाच वाजता मी तो दिवा बघत आलो होतो. त्या दिवशी त्याची जागा काळी होती आणि मला ते दिसलं. मी विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, "फॉल्ट उरलाच नाही, दिवा कशाला लागेल?" सोबत माझा भाचा होता, मागे दोन गाड्या थांबल्या होत्या, मी मान हलवली आणि २५,००० पाठवले.

त्याच टेबलावर त्याने पॉवरचा छापील आलेख दिला होता. त्यात ताकदीचं टोक ५,८०० आरपीएमवर. माझं डिझेल इंजिन ३,२०० च्या आसपास पूर्ण ताकद देतं. तो आलेख कुठल्या तरी पेट्रोल कारचा होता. हे घरी आल्यावर कळलं, पैसे गेल्यावर. पण दिवा तर समोर होता.

महिनाभर गाडी खरंच पळाली, हे खोटं बोलणार नाही. धूर काळा यायला लागला, त्याने फोनवर सांगितलं "ताकदीचा धूर आहे." मग चढावर क्लचचा जळका वास. १७ एप्रिलला दुपारी ७५ पेट्या घेऊन आंबा घाटात गाडी शिट्टी मारायला लागली आणि तिसऱ्या वळणानंतर ओढच गेली. साडेसहा तास उन्हात उभा होतो. पेट्यांवर ओली पोती टाकली, भाचा पुठ्ठ्याने वारा घालत होता. ७५ पैकी ३८ पेट्यांना आडत्याने पेटीमागे ९०० रुपये कमी लावले. ३४,२०० मी बागायतदाराला भरून दिले, कारण भाडं माझं, जबाबदारी माझी. टोइंग ६,५००.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी उघडली तेव्हा मी समोर उभा होतो. इंजिनावर डिझेलच्या रेलला, म्हणजे जास्त दाबाचं डिझेल असलेल्या नळीला, जो प्रेशरचा सेन्सर असतो, त्याच्या वायरी कापून मध्ये काडेपेटीएवढी काळी डबी जोडलेली होती, वर काळी टेप गुंडाळलेली. ती डबी कॉम्प्युटरला प्रेशर कमी आहे असं खोटं सांगते, मग कॉम्प्युटर प्रेशर वाढवतो आणि डिझेल जास्त जातं. रीमॅप झालंच नव्हतं. लॅपटॉप लावून बसला होता ते नाटक. मीटरच्या मागे पिवळ्या दिव्याचं कनेक्शन तोडलेलं. मूळ फाइल सेव्ह वगैरे काही नाही, कारण फाइलला हातच लावला नव्हता.

आणि मूळ सायलेन्सर, जो त्याने प्लास्टिकमध्ये बांधून मागे टाकला होता? वर्कशॉपच्या पोराने पान्याने वाजवला तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. आतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, कापून काढलेला, वरून पत्रा वेल्ड करून रंग मारलेला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, त्याच्यासाठी तर रस्त्यावर उभ्या मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात. माझा चोराने रात्री नाही नेला. मी स्वतः गाडी नेऊन दिली आणि वर पाइपाचे ९,५०० दिले.

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग, ४६,८००. क्लच सेट १३,४००. कन्व्हर्टरसकट सायलेन्सर ५२,३००. मजुरी ८,६००. वॉरंटी नाही, वायर कापलेली दिसली म्हटल्यावर त्यांनी फॉर्मच पुढे केला नाही. आणि टर्बोकडून येणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरलेला होता, त्यातून हवा जात होती. दिवाळीपासून गाडी का चढत नव्हती त्याचं कारण तो पाइप. १,१५० रुपये. ओढ कमी झाली असेल तर आधी पाइप, फिल्टर, क्लॅम्प तपासून घ्या, कृपा करा.

बेरीज १,९७,९५०. गाडीचा भाव वेगळाच. जानेवारीत दलाल ६,४०,००० देत होता. आता सगळं कंपनीचं बसवूनही ४,६०,००० म्हणतो, कारण सर्व्हिस हिस्टरीत 'वायरिंगमध्ये बदल' अशी नोंद चढली आहे. जुनी पिकअप घेणारा माणूस पहिल्यांदा धूर बघतो, मग खाली वाकून सायलेन्सर बघतो. जास्त ताकदीचे पैसे कोणी देत नाही. एकानेही दिले नाहीत.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या ठाण्यात म्हणाले, काम तिकडे झालं, तिकडे जा. १३० किलोमीटर गेलो. तिकडचे म्हणाले, तुम्ही राहता तिथे द्या. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा म्हणाले ही दिवाणी बाब आहे, आणि अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. कन्व्हर्टर कापून नेला, ही दिवाणी बाब? सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला तर ते म्हणाले तुम्ही समोर उभं राहून पैसे दिले, हे सायबरमध्ये बसत नाही. आरटीओत गेलो, म्हटलं असा माणूस उघड जाहिरात करतो, काहीतरी करा. तिथे मला कायदा ऐकवला, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि १८२-अ(४), बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० दंड. मालकाला! तक्रार घेऊन मी गेलो आणि गुन्हेगार मीच ठरलो. त्या गॅरेजवर कोण जाणार, तर "लेखी द्या, बघू." लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेला होता. दीड तास थांबलो, शिक्का घेऊनच निघालो. जुलैपासून उत्तर नाही. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, गाडी व्यावसायिक आहे, तुम्ही ग्राहक नाही. हे साफ चूक आहे. स्वतःच्या पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा ग्राहक धरला जातो, २०१९ च्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. एका वकिलाने दाखवलं तेव्हा तक्रार दाखल झाली, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते. हद्दीचं कारण सांगून पोलीस परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, ते नोंदवून घेतात. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे. मला हे तिसऱ्या फेरीनंतर कळलं, तोवर माझी तीन भाडी बुडाली.

कापलेला सायलेन्सर भंगारात देऊ नका, मी पडवीत ठेवला आहे, पुरावा आहे. काळी डबी पिशवीत. यूपीआयचे दोन्ही स्क्रीनशॉट छापून घेतले आहेत.

त्याचा जुना नंबर बंद आहे. व्हिडिओ चालू आहेत. काल रात्री नवीन आला, पांढरी पिकअप, पाटी आमच्याच एमएच ०८ ची, चावी फिरवताना मीटरचा क्लोजअप. मी सहा वेळा थांबवून बघितला. पिवळा दिवा लागत नाही. खाली लिहिलं, "भावा, पैसे देऊ नकोस, मीटर बघ." दहा मिनिटांत त्याने ते काढून टाकलं. ती गाडी कोणाची आहे ते कोणाला माहीत असेल तर त्याला आजच फोन करा.