धनुष्याच्या पट्ट्या एकीवर एक चिकटवायला पांढरा गोंद की इपॉक्सी?

फेविकॉलसारखा पांढरा गोंद स्वस्त, हातही पाण्याने धुता येतात. पण त्यातल्या पाण्याने पातळ पट्ट्या वाकतात आणि सतत ताणाखाली गोंदाचा थर हळूहळू सरकतो. त्यात नागपूरचा मे, पारा ४५ अंशांवर. बंद गाडीत ठेवलेल्या धनुष्याचा गोंद मऊ पडणारच.

इपॉक्सी, म्हणजे राळ आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून वापरायचा गोंद, महाग, तरी तीच घ्या, तीही संथ सुकणारी. पाच मिनिटांवाली शेवटचा क्लॅम्प लागण्याआधीच आळते. पट्ट्या ८० नंबरच्या सँडपेपरने घासा, धूळ पुसा, दोन्ही अंगांना लेप द्या. क्लॅम्प बेताने आवळा: पांढऱ्या गोंदाला जोर लागतो, इपॉक्सी मात्र जास्त दाबली की बाहेर पिळून निघते, सांधा उपाशी राहतो. उन्हाळ्यात मिश्रण लगेच पसरट ताटलीत ओता. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने भराभर घट्ट होतं.