आठ महिन्यांनंतर १६ इंची ड्रम सँडरबद्दल

गेल्या दिवाळीनंतर ड्रम सँडर घेतला, त्याला आता आठ महिने झाले. या मशीनमध्ये फिरत्या ड्रमवर घासायचा पेपर गुंडाळलेला असतो आणि खालचा पट्टा फळी त्याच्याखालून पुढे नेतो. पुण्यात घरामागच्या शेडमध्ये शनिवार-रविवार मी चौरंग, पाट, ट्रे असली कामं करतो. लाकूड बहुतेक जुन्या वाड्यांच्या पाडकामातलं सागवान. लाकूड सोन्यासारखं, पण तीन फळ्या जोडून चौरंगाची १५ इंची पाटी केली की ती सपाट करायची कशी, हा दरवेळचा प्रश्न. माझा थिकनेसर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन, १३ इंचांपुढे घेत नाही, आणि गाठीपाशी लाकडाची रेषा उलटी झाली की त्याची पाती लाकडाचे टवके काढतात. हाताने घासायचं तर एका पाटीला अख्खी दुपार जाते.

मशीन दोन प्रकारची मिळतात. एकात ड्रम दोन्ही टोकांना धरलेला असतो, दुसऱ्यात एक टोक मोकळं असतं. मोकळ्या टोकाच्या १६ इंची ड्रमवर पाटी उलटसुलट फिरवून ३२ इंचांपर्यंत घासता येते, म्हणून मी तोच घेतला. खरं सांगायचं तर १६ इंचांहून रुंद काम मी आत्तापर्यंत फक्त चार वेळा केलं. ज्यांना तेवढी रुंदी कधीच लागणार नाही त्यांनी दोन्ही टोकांना धरलेला घ्यावा, तो एकदा लावला की सहसा हलत नाही. अमेरिकेतल्या भावाकडून मशीन आणवायचाही विचार होता, तो सोडला ते बरंच झालं. तिकडची मोटर ६० हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येतं, पण आपल्या ५० हर्ट्झवर ती एक षष्ठांश हळू फिरते आणि तापते.

मशीन आलं त्या दिवशी ट्रे घासला आणि हिरमोडच झाला. एक कड दुसरीपेक्षा स्पष्ट जाड. पुढचे दोन रविवार ड्रम आणि खालचा पट्टा समांतर करण्यात गेले. एकाच पट्टीचे दोन तुकडे कापायचे, उंची न बदलता एक आतल्या टोकाकडून आणि एक मोकळ्या टोकाकडून घालायचा, मग दोन्ही व्हर्नियरने मोजायचे. माझे आले १२.१० आणि १२.३५ मिलिमीटर. बोल्ट ढिला करून कणभर फिरवायचा, पुन्हा घासायचं, पुन्हा मोजायचं. फरक ०.०५ वर आला तेव्हा थांबलो. रुंद पाटी फिरवून घासायची असेल तेव्हा मात्र मोकळं टोक कागदाच्या जाडीएवढं वर ठेवावं लागतं, नाहीतर दोन पासांच्या (एकदा आत घालणं म्हणजे एक पास) मधोमध रेघ उमटते आणि पॉलिश केल्यावर ती डोळ्यांत भरते.

खालचा पट्टाही सुरुवातीला एका बाजूला सरकत होता. नट पाव फेरा फिरवून दोन मिनिटं नुसता चालू ठेवायचा, मग बघायचं. घाई करून जास्त फिरवलं की तो दुसऱ्या बाजूला पळतो आणि कड फाटते.

धुळीचा खर्च आधीच धरा, हे मी पोटतिडकीने सांगतोय. साधा व्हॅक्यूम क्लीनर इथे पुरत नाही. तो जोरात ओढतो, पण हवा थोडी ओढतो, आणि या मशीनला चार इंची पाइपातून भरपूर हवा लागते. माझे पहिले दोन आठवडे व्हॅक्यूमवर गेले. ड्रमखाली धूळ साचली, पेपर गच्च झाला, सागवानावर काळे पट्टे आले. शेवटी पिशवीवाला डस्ट कलेक्टर घेतला आणि त्याच्यासाठी १६ अँपिअरची वेगळी लाइन ओढली. सागवानाची धूळ त्वचेला आणि नाकाला त्रास देते, आणि लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे. कलेक्टर चालू असला तरी मास्क काढत नाही.

फेब्रुवारीतला प्रसंग विसरणार नाही. एका जुन्या दाराची फळी होती. दिसतील ते सगळे खिळे काढले होते. एक मात्र मुंडकं तुटून आत राहिला होता, वरून फक्त तपकिरी ठिपका दिसत होता. फळी अर्धी आत गेली आणि ड्रममधून कर्र आवाज, पाठोपाठ ठिणगी. पेपर टोकापर्यंत फाटला. त्याचं मला काही वाटलं नाही, पण ठिणगी पाइपातून बारीक भुशाच्या पिशवीत गेली असेल तर? दोन्ही मशीन बंद केली, पिशवी अंगणात नेऊन रिकामी केली आणि त्या ढिगाशेजारी पाण्याची बादली घेऊन तासभर बसलो. काही पेटलं नाही. त्यानंतर मेटल डिटेक्टर आणला. फळीच्या दोन्ही बाजू आणि कडा तपासल्याशिवाय आता काहीच आत जात नाही.

पेपरचं गणित अनुभवाने बसलं. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. सपाट करायला ८०, मग १२०, शेवटी १५०. सागवानावर १८० नंबर लावला की तेलकटपणामुळे लगेच भरतो आणि लाकूड जळतं. माझ्या मशीनवर उंचीच्या चाकाचा एक पूर्ण फेरा म्हणजे १.६ मिलिमीटर. ८० नंबरलाही मी एका पासात पाव फेऱ्यापेक्षा खाली जात नाही, १५० ला तर चाक जेमतेम हलवतो. फळी थोडी तिरकी घातली तर पेपर एकाच पट्ट्यात झिजत नाही, फक्त शेवटचा पास सरळ द्यायचा. भरलेला पेपर रबराच्या कांडीने फिरत्या ड्रमवर साफ होतो, त्यामुळे एक पट्टी तिप्पट चालते. जोडाचा गम पुरता वाळला नसेल तर मात्र कांडीचाही इलाज चालत नाही.

माझ्याकडे कधीमधी येणारे सुतारकाका पहिल्यांदा मशीन बघून म्हणाले, "साहेब, हिला रंधा समजू नका." अगदी खरं. दोन मिलिमीटर काढायचे असतील तर ते काम थिकनेसरचं. आणि लहान तुकडे यात घालू नयेत. दोन्ही दाबरोलरांखाली एकाच वेळी राहील एवढी लांबी हवीच. पोळपाटाचे पाय मी दुहेरी टेपने लांब फळीवर चिकटवून घालतो.

तक्रार एकच उरली आहे. पेपर गुंडाळताना आतल्या टोकाची क्लिप दाबायला बोटांना जागाच नाही. पावसाळ्यात आणखी एक भर पडली. कागदी पाठीचा रोल ओल धरून ढिला पडला आणि चालू ड्रमवर एकावर एक चढला. आता कापडी पाठीचाच आणतो, उरलेला रोल डब्यात बंद ठेवतो, आणि नवीन पट्टी लावली की पाचेक मिनिटं चालवून पुन्हा एकदा ताणून घेतो. काल याच पद्धतीने चौरंगाच्या दोन पाट्या घासल्या. चारही कोपरे मोजले, सगळीकडे २२.४ मिलिमीटर.