भूजलाचा उन्हाळी फील्ड कोर्स: रब्बीनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत गव्हाचं भरणं चालू असताना आमच्या विहिरीतला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपच्या तळाची झडप, उघडा पडला, मोटारीने हवा ओढली आणि त्याच संध्याकाळी घरात बोअरची गाडी बोलवायचा विषय निघाला. मागच्या मे महिन्यात मी एका विद्यापीठाचा भूजलशास्त्राचा निवासी फील्ड कोर्स केला होता. त्याची खरी परीक्षा इथे झाली, म्हणून आता लिहिते आहे. कोर्स संपला त्या आठवड्यात विचारलं असतं तर मी पाचापैकी अडीच गुण दिले असते.

माहितीपत्रकात असतं ते सगळं झालं, त्यात वेळ घालवत नाही. जमिनीचा विद्युत रोध मोजणाऱ्या रेझिस्टिव्हिटीच्या तारा ओढल्या, पाण्यातले क्षार जोखणारे ईसी मीटर बुडवले, पाणीपातळीचे समोच्च नकाशे काढले. सगळ्यात चांगला भाग पुण्याजवळच्या दिवे घाटातला. कापलेल्या दरडीसमोर सरांनी आम्हाला उन्हात बराच वेळ उभं केलं आणि लाव्हाचा एकेक प्रवाह वाचायला लावला. वरचा भाग सच्छिद्र, पोकळ्या झिओलाइट या खनिजाने भरलेल्या, त्याखाली घट्ट काळा पाषाण, मग पुढचा प्रवाह. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग या लाव्हाच्या खडकावर, बसाल्टवर, बसलेला आहे. इथलं पाणी राहतं ते मुरमात, सांध्यांत आणि भेगांत. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण दरडीला हात लावल्यावर पक्कं झालं.

आता मुख्य तक्रार. पंपिंग टेस्टसाठी, म्हणजे विहीर उपसताना आणि पुन्हा भरताना पातळी मोजायच्या चाचणीसाठी, आम्ही एका शेतकऱ्याच्या विहिरीवर गेलो. मोटार त्यांची, वीज त्यांची. उपशाचं वाचन शिस्तीत झालं, पण पंप बंद केल्यावर विहीर पुन्हा भरताना घ्यायचं वाचन तासाभरात गुंडाळलं, कारण बसची वेळ झाली होती. ही गोष्ट मला आजही डाचते, आणि त्याला कारण आहे.

उपशाने पातळी किती उतरते यावरून खडकाची पाणी देण्याची क्षमता काढायला आम्हाला शिकवलं थाइसचं १९३५ चं सूत्र. त्यात विहिरीचा व्यास नगण्य धरलेला असतो. आपली खोदलेली विहीर ६ मीटर व्यासाची असली तर पाणी एक मीटर उतरलं की २८ हजार लिटर विहिरीच्या पोटातूनच निघालेलं असतं. मोटार तासाला १८ हजार लिटर फेकत असेल, तर पहिला दीड तास तुम्ही बहुतांशी साठाच मोजता, झऱ्याचा पत्ताच लागत नाही. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये वेगळी मांडणी केली. तिच्या वाट्याला एकच स्लाइड आली. अशा विहिरीत झरा खरा बोलतो तो पंप थांबल्यावर, आणि नेमक्या त्या वेळी आम्ही बसमध्ये चढत होतो.

निघताना शेतकऱ्याने विचारलं, "ताई, मग माझ्या विहिरीचं काय निघालं?" मॅडम म्हणाल्या, कळवू. त्यांना काही कळवल्याचं मला तरी दिसलं नाही. मी नंतर ईमेल करून वाचनं मागितली, उत्तर आलं नाही. ज्याच्या विहिरीवर शिकलो त्याला एक कागद द्यायला काय हरकत होती?

आता फेब्रुवारी. विहीर आमची आणि काकांची सामाईक. काका म्हणाले, "झरे आटले. आता खाली उभं बोअर घेतल्याशिवाय गत्यंतर नाही." मी एक रात्र मागून घेतली. पाण्याला टेकताच वाजणारा, पातळी मोजायचा बझरवाला साउंडर विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून पोलादी टेपला खडू फासला. ओली खूण वाचता येते. आमची विहीरही साधारण ६ मीटर व्यासाची. पाणी ३ मीटर खाली नेऊन मोटार बंद केली आणि सकाळपर्यंत मोजत राहिले.

पहिल्या तासात पातळी साधारण २८ सेंटिमीटर चढली, म्हणजे ८ हजार लिटर आले. सात तासांत निम्मी भर झाली, दीड मीटर. पुढच्या सात तासांत मात्र जेमतेम त्याच्या निम्मी. पातळी चढत जाते तसा झऱ्याचा जोर कमी होतो, आणि तो आलेख माझ्या वहीत स्वच्छ उतरला. झरे आटलेले नव्हते. आम्ही दिवसाआड उपसा करत होतो, विहिरीला विसावा मिळावा म्हणून. त्या विसाव्याच्या दुसऱ्या दिवशी फारसं काही येतच नव्हतं. रोज थोडा वेळ मोटार चालवली तर पाणी जास्त मिळतं. काकांनी वही नीट पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून पाळ्या बदलल्या.

यात धोका आहे, तो सांगायलाच हवा. रोज उपसल्याने जमिनीत नवं पाणी तयार होत नाही, साठा लवकर संपतो. म्हणून उन्हाळी भुईमूग आम्ही यंदा सोडला. आणि विहिरीच्या तळाखाली घाटात पाहिला तसाच घट्ट पाषाण आहे. तिथे विहीर खोल नेली तर हौद मोठा होतो, आवक वाढेल याची खात्री नाही. उभं बोअर खालच्या प्रवाहाच्या सच्छिद्र थरात उतरलं तर पाणी लागूही शकतं, पण फुटाच्या दराने ती पैज आम्हाला परवडत नव्हती. गाडी आली नाही. कोर्सची फी त्या एका निर्णयात वसूल झाली.

कोर्समध्ये कंटाळवाणी वाटलेली विहीर-नोंद, म्हणजे ठरावीक महिन्यांत पातळी मोजून लिहून ठेवणं, आज मला कोर्सचा दुसरा मोठा लाभ वाटते. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. मी आमची विहीर त्याच महिन्यांत मोजायला लागले. ऑक्टोबर आणि जानेवारीचे आकडे हाताशी नसते तर फेब्रुवारीत पातळी किती वेगाने उतरतेय हे काकांना दाखवता आलं नसतं.

आज मी चार गुण देते. एक राखून ठेवला आहे, तो त्या बसमुळे आणि त्या न दिलेल्या कागदामुळे. तुम्ही यंदा मे महिन्यात असा कोर्स करणार असाल तर फी भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा: पंप बंद झाल्यावर विहिरीवर किती तास थांबणार, आणि वाचनांची प्रत विहीरमालकाला कधी मिळणार?